जिझानमधलं उंबराचं पाणी

धाकट्या भावाचं लग्न ठरल्याची बातमी आली तेव्हा मी सौदीतल्या जिझानच्या इस्पितळात, डायलिसिसच्या खोलीत, एका आजोबांचा रक्तदाब मोजत होते. खिशात फोन थरथरला. बाहेर येऊन वाचलं आणि जागच्या जागी उडी मारली. मग तारीख वाचली आणि ती उडी वाया गेली. जानेवारीचा शेवटचा आठवडा. आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनला जाऊन मी वर्षाची रजा आधीच संपवून बसले होते. शिवाय जानेवारीत आमच्या विभागातल्या दोघीजणी आपापल्या देशी निघाल्या होत्या, त्यातली एक बाळंतपणाला. तिला काय सांगणार, माझ्या भावाचं लग्न आहे, तू जरा थांब?

लग्न चुकणार याचं वाईट वाटलंच, पण खरं सांगायचं तर मला लग्नापेक्षा आदल्या दिवसाचं जास्त वाईट वाटत होतं. आम्ही वसईकडचे ख्रिस्ती. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराचं पाणी आणतात. मातीच्या मडक्याचं घुमट वाजवत, गाणी म्हणत सगळे उंबराच्या झाडाशी जातात. बुंध्याशी छोटासा खड्डा करून त्यात तांदूळ आणि दारूचे चार थेंब वाहतात आणि जवळच्या विहिरीचं पाणी कळशीत भरून घरी आणतात. त्या पाण्यानं नवरदेवाला आंघोळ घातली की तो देवळात उभा राहायला मोकळा. देऊळ म्हणजे चर्च, पण आम्ही देऊळच म्हणतो. घराघराची पद्धत थोडी निराळी असते. आमच्या घरात पाणी भरायचा मान नवरदेवाच्या थोरल्या बहिणीचा. आणि मला भाऊ एकच आहे.

म्हणजे हा मान मला जन्मात एकदाच मिळणार होता, आणि नेमका त्याच दिवशी मी समुद्रापलीकडे सुया टोचत बसणार होते. आई फोनवर म्हणाली, "मावशीची पोरगी भरील गो पाणी. ती तयार हाय."

ती तयार असणारच! माझी मावसबहीण तशी गुणाची आहे, पण लहानपणापासून तिला माझ्या ताटातलंच गोड लागतं. माझा फ्रॉक, माझी सायकल, माझ्या वाट्याची नाताळची करंजी. आता माझा भाऊसुद्धा. मी आईला म्हटलं, "तिला सांग, स्वतःला भाऊ आण आणि मग त्याच्यावर पाणी ओत." आईनं फोन ठेवला. आमच्या घरात राग आला की फोन ठेवतात आणि पाच मिनिटांनी दुसऱ्याच विषयावर फोन करतात. त्याप्रमाणे तिचा फोन आला आणि तिनं विचारलं, तिथं थंडी पडली का.

मार्ग काढला तो भावानं. तो रियाधला, अल सुलैमधल्या एका गोदामात गाड्यांचे सुटे भाग सांभाळतो. लग्नासाठी त्याला रजा मिळाली होती, फक्त जरा उशिराची. तो म्हणाला, "बाय, तुला येता येत नाय, तर मी येतो. लग्नाआधीच्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी विमानानं जिझानला पोचतो. शुक्रवारी तू पाणी भर, माझ्या डोक्यावर ओत, शनिवारी मी परत कामावर. मग जातो वसईला."

मला एकदम रडूच आलं. हा मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आंघोळीच्या नावानं आंब्यावर चढून बसायचा.

आईचं मात्र समाधान झालं नाही. तिनं अटी घातल्या. झाड उंबराचंच पाहिजे. पाणी विहिरीचं पाहिजे, आणि हातानं ओढून काढलेलं. आणि हे सगळं तिला फोनवर दिसलं पाहिजे. "आणि मग ते धरायचं की नाय, ते मी बगीन," असं म्हणून तिनं निकाल स्वतःकडेच ठेवला. म्हणजे मी इथं कितीही पाणी ओतलं, तरी तिकडे आदल्या दिवशी मावसबहीण कळशी घेऊन उभी राहणार की नाही, हे आईच्या मनावर होतं.

शेजारच्या भाभीला हे सांगितलं तेव्हा ती भाकऱ्या थापायची थांबलीच. भाभी रायगडच्या किनाऱ्यावरची, श्रीवर्धनच्या बाजूची. तिच्या यजमानांचं, म्हणजे भाईंचं, इथं मसाल्यांचं आणि सुक्या मासळीचं दुकान आहे. आमच्या इमारतीत मराठी बोलणारी आमची दोनच घरं. त्यातलं एक म्हणजे मी एकटीच, कारण माझा नवरा वर्षातले नऊ महिने जहाजावर असतो. भाभीनं विचारलं, "पण गो सिस्टर, तुमी तं ख्रिश्चन. तुमाला उंबराचं काय?"

हा प्रश्न मला नवा नव्हता. शाळेत असताना आमची सहल वसईच्या किल्ल्यात गेली होती. बाईंनी एका पडक्या कमानीखाली उभं राहून सांगितलं की इथं पोर्तुगीज आले, त्यांनी राज्य केलं आणि इथल्या लोकांना बाटवलं. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघू लागला. जणू मीच कालच्या गलबतातून उतरले होते! घरी येऊन बाबांना विचारलं, आपण पोर्तुगीज आहोत का? बाबांनी मला आरशापुढे नेलं, माझं नाक धरलं आणि म्हणाले, "ह्या नाकाचा एक तरी पोर्तुगीज दाखव, मी तुला बोटीनं लिस्बनला धाडतो."

पुढे मोठी झाल्यावर आमच्या गावच्या फादरांनी नीट सांगितलं. पोर्तुगीज पाद्र्यांनी माणसांचा धर्म बदलला, नावं बदलली, आणि मग लक्षात आलं की लग्नं काही बदलत नाहीत. हळद नको, पान-सुपारी नको, जुनी गाणी नकोत, अशी बंदी आली. न ऐकणाऱ्यांना शिक्षा होत्या, आणि त्या काही गमतीच्या नव्हत्या. आमच्या बायकांनी समोर मान डोलावली आणि पाद्री जेवायला बसला की विहिरीवर गेल्या. राजा गेला, त्याचा किल्ला पडला, त्याची भाषा आमच्या चार-दोन शब्दांत उरली. उंबराचं पाणी मात्र अजून चालू आहे. त्या बायकांपैकी एकीचंही नाव मला ठाऊक नाही, पण त्यांचा मला फार अभिमान वाटतो.

भाभी म्हणाली, "त्या फिरंग्यांनी आमच्या लोकांनापण कमी छळलं नाय. हजला जायचं जहाज निघालं की आधी त्यांचा परवाना काढा. परवाना नसला तं भर समुद्रात जहाज धरत व्हते."

"म्हणजे तेव्हाचा एक्झिट-रिएंट्री," भाई आतून म्हणाले. इथून घरी जाऊन परत यायचं तर आम्हालाही त्या नावाचा परवाना काढावा लागतो.

"आणि म्हणे त्या कागदावर मरियमचं चित्र असायचं."

मला ओशाळल्यासारखं झालं. माझ्याच देव्हाऱ्यातलं चित्र, आणि ते असं कुणाच्या तरी नरड्यावर ठेवलेलं. भाभीला ते लगेच कळलं. भाकरी उलटत ती म्हणाली, "मरियम आमचीपण हाय गो. तिचा काय कसूर? मेले पैसे घेत व्हते, त्याचा राग."

आम्ही तिघं इतके हसलो की भाकरी करपली. भाईंनी ती तशीच खाल्ली आणि जाहीर केलं, शुक्रवारी आपली गाडी काढायची आणि उंबर शोधायचा.

शोधायची गरजच नाही, असं मी ठणकावून सांगितलं. माझ्या ओळखीचं एक झाड होतं. गावाबाहेर एका मळ्यात आम्ही सगळ्या नर्स हिवाळ्यात सहलीला जातो, तिथं विहिरीला लागून ते उभं होतं. तशीच पानं, मोडली की तसाच चीक, तशीच गोल फळं. दोन वर्षं मी त्या झाडाखाली बसून डबा खाल्लाय, मला उंबर कळत नाही का?

भाऊ ठरल्याप्रमाणे गुरुवारी पोचला. शुक्रवारी नमाजानंतर आम्ही चौघं निघालो. वाटेत सिग्नलला एक माणूस मोगऱ्याचे हार विकत होता. जिझानमध्ये फुलांशिवाय कुणाचं पान हलत नाही. इथल्या बायका आमच्यासारखेच गजरे माळतात आणि डोंगरावरचे पुरुष तर डोक्यावर फुलांची कडी घालून हिंडतात. भाभीनं भावासाठी तसलं एक कडं घेतलं. त्यानं ते लगेच घातलं आणि आरशात बघून म्हणाला, "लग्नात पण हेच घालतो." मी म्हटलं, घाल, बायको पहिल्याच दिवशी माहेरी जाईल.

मळ्यात पोचलो. गाडीच्या टपावर फोन उभा केला आणि आईला लावला. तिकडे आई, मावशी, मावसबहीण आणि निम्मी आळी एका पडद्यात डोकी खुपसून बसलेली. मी कळशी कमरेवर घेऊन मोठ्या थाटात झाडाशी उभी राहिले. आईनं पडदा डोळ्यांशी नेऊन झाड वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "फळं कुठं लागलीत?"

"ही काय, फांद्यांना."

"उंबराचं फळ कुठं लागतं गो?"

मी खोडाकडे बघितलं; त्याला एकही फळ नव्हतं. उंबराला फळं खोडाला लागतात. बुंध्याला, जाड्या फांद्यांना, घोसच्या घोस. वसईच्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं. मी दोन वर्षं रानअंजिराच्या झाडाखाली बसून उंबराच्या आठवणी काढत होते! पलीकडून मावसबहिणीचा हसण्याचा आवाज अगदी स्वच्छ ऐकू आला. एरवी त्या मळ्यात नेटवर्क धड नसतं.

"अंजिराच्या पाण्यानं माझ्या पोराचं लगीन लागायचं नाय," असं म्हणून आईनं फोन ठेवला.

मी तिथंच कळशी उपडी घालून तिच्यावर बसले. भाऊ समजूत काढायला आला तर त्याच्यावरच खेकसले, की तू उगाच विमानाचं तिकीट काढलंस. आता सगळं त्या चोरटीकडे जाणार. भाभी म्हणाली, रडायचं तं रड, पण आदी च्या पी.

तेवढ्यात मळ्याचे मालक आले. सत्तरीचे असतील, कमरेला लुंगीसारखं वस्त्र, डोक्यावर तुळशीसारख्या वासाच्या पाल्याचं कडं. एक बाई कळशीवर बसून रडतेय आणि फुलं घातलेला एक तरुण तिला वारा घालतोय, हे बघून त्यांनी भाईंना विचारलं, काय झालं. भाईंनी अरबीत समजावलं. लग्न आहे, हा नवरदेव, ही बहीण, हिच्या घरच्या चालीला असं झाड लागतं. फळं कुठं लागतात ते दाखवायला भाईंनी स्वतःच्या पोटावर आणि मांड्यांवर मुठी ठेवून दाखवल्या. म्हातारबाबा हसून हसून बेजार झाले. मग त्यांनी हात डोंगराकडे केला. वर घळीत, त्यांच्या जुन्या शेतात, तसलं एक झाड आहे. त्याला ते जुम्मेझ म्हणत होते. "यल्ला," म्हणजे चला, असं म्हणून ते आपल्या गाडीत बसलेसुद्धा.

खडकाळ वाटेनं अर्धा तास हाडं खिळखिळी करून घेतल्यावर ते झाड दिसलं. मी धावत गेले. आमच्या उंबराचं ते सख्खं नाही म्हणता आलं, तरी चुलत भावंड नक्की होतं. पांढुरकं अवाढव्य खोड, आणि त्या खोडाला, बुंध्यापासून वरपर्यंत, फळंच फळं. मुंग्या लागलेली, पाखरांनी फोडलेली, खाली सडा पडलेला. वाससुद्धा तोच, गोड आंबूस. मी खोडाला मिठी मारली. म्हातारबाबांना वाटलं असेल, ह्या हिंदी बाईच्या डोक्यावर परिणाम झालाय.

झाडापासून हाकेच्या अंतरावर दगडी विहीर होती. तिच्यावर पंप बसवलेला. म्हातारबाबा पंप चालू करायला निघाले तशी मी आणि भाऊ एकदम ओरडलो, नको! हातानं ओढायचंय. बाबांनी खांदे उडवले, खोपटातून दोर आणि रबराची जुनी बादली आणली आणि मजा बघायला खडकावर बसले. त्यांच्या मते आम्ही पाहुणे होतो, आणि पाहुण्यांना वेडेपणा माफ असतो.

आईला पुन्हा फोन लावला. दहा वेळा तुटला, अकराव्यांदा लागला. मी फोन थेट खोडाजवळ नेला. आईनं फळं पाहिली. "मोड एक," ती म्हणाली. मोडलं. आत बारीक किडे. "हां," आई म्हणाली, आणि मला हायसं वाटलं. माझ्या फळात किडे निघाल्याचा आनंद मला आयुष्यात तेवढा एकदाच झाला.

मग खड्डा केला, तांदूळ वाहिले. दारूचा प्रश्न होता. इथं ती मिळायची नाही आणि मिळाली असती तरी मी आणली नसती, म्हणून भाभीनं घरून आमसुलाचं सरबत आणलं होतं, चांगलं लालभडक. आईनं विचारलं, काय ओतलंस? मी खरं ते सांगितलं.

"चालेल," आई म्हणाली. "ज्या येशूनं लग्नात पाण्याचा द्राक्षारस केला, त्याला आमसूल काय जड?"

भाऊ पाण्याच्या मोठ्या रिकाम्या बाटलीवर घुमट वाजवायला लागला. आपल्याच लग्नात आपणच वाजंत्री असा नवरदेव आमच्या आळीत दुसरा झाला नाही. मी गाणं धरलं. आवाज माझा आहे तसा आहे. भाभीला शब्द येत नव्हते, पण टाळी पक्की. भाई मध्येच "अहाहा" म्हणत. म्हातारबाबांनी खडकावर काठी आपटून ठेका धरला, आणि मग राहवेना म्हणून उठले, काठी आडवी धरून, गुडघे वाकवून, त्यांच्या डोंगरातला नाच नाचायला लागले. त्यांच्यासमोर आम्ही सगळे नवशिके वाटलो. पलीकडून आळीतल्या बायकांनी शिट्ट्या मारल्या.

मी दोर सोडला. बादली तळाशी टेकली, भरली, जड झाली. ओढताना हाताला रग लागली आणि एकदम आमच्या त्या जुन्या बायका मनात आल्या, मागे वळून बघत घाईघाईनं दोर ओढणाऱ्या. मला घाई नव्हती. मी सावकाश ओढलं. कळशी भरली, डोक्यावर घेतली, झाडाला फेरी घातली आणि भावाला खाली बसवलं. तो सदरा-पँटसकट बसला. फुलांचं कडं काढायला तयार नव्हता. मी त्याच्या डोक्यावर कळशी धरली.

"ओतू का गं आई?"

"ओत," आई म्हणाली.

पाणी थंडगार होतं. पोरगा किंचाळला, सात वर्षांचा असताना किंचाळायचा तसा. मी हसत होते, रडत होते, ओतत होते. त्याच्या भुवयांवर मोगऱ्याच्या पाकळ्या चिकटल्या. तो म्हणाला, "बाय, आता झालं माझं लग्न. उरलेलं ते फादर बघतील." मी पडद्याकडे बघितलं. आईला विचारायचं होतं, धरलं ना? पण फोन तुटला होता, आणि म्हातारबाबा सगळ्यांना कॉफीला बोलवत होते. खजूर, कॉफी आणि त्यांच्या बागेतली पिकलेली पपई. पपईसुद्धा फिरंग्यांच्याच जहाजातून आली, असं भाईंनी सांगितलं. भाभी म्हणाली, मग एवढं एक तरी बरं केलं मेल्यांनी, आणि दुसरी फोड घेतली.

नंतर आईला दोन-तीनदा विचारलं. दरवेळी ती म्हणे, "बगू," आणि मंडपवाल्याचा विषय काढी. भाऊ वसईला पोचला. मावसबहिणीनं आळीच्या ग्रुपवर स्वतःच्या नव्या साडीचा फोटो टाकला, हातात चकचकीत कळशी. माझा जीव खालीवर व्हायला लागला. मी स्वतःची समजूत घातली, आपल्या हातानं एकदा ओतलंय, आता कुणी का ओतेना. समजूत काही पटली नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी मी ड्युटीवर होते. चहाच्या सुटीत पँट्रीत जाऊन फोन लावला. भावानंच धरला होता. घुमट, बँड, फटाके, मधूनच कुणाचं तरी ढुंगण, मग आभाळ, मग विहीर. सगळे विहिरीशी थांबले. मावसबहीण पुढे झाली, तिनं कळशीला दोर बांधला. आणि गर्दीतून काठी टेकत आई आली, नव्या गुडघ्यानं, हळूहळू. ती विहिरीच्या काठाशी जाऊन उभी राहिली आणि तिनं काठी आडवी धरली.

"पाणी नाय काढायचं," आई म्हणाली.

बँड थांबला. मावशी म्हणाली, "अगो, मग आलो कशाला?"

"नाचायला. पाणी भरून झालंय. माझ्या पोरीनं भरलं, मी बघितलं डोळ्यांनी."

"पण इथलं नको का, गावचं?"

"एका नवऱ्याला दोनदा आंघोळ? तो काय म्हैस हाय?"

त्यावर जो हशा उसळला त्यात घुमटाचा आवाजही बुडाला. मावसबहीण स्वतःच सगळ्यात आधी हसली, कळशी उपडी करून तिच्यावर बोटांनी ताल धरला आणि फोनकडे बघून ओरडली, "बघतेस ना गो? नाच तिकडं!"

मी नाचले. पांढऱ्या गणवेशात, एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात चहाचा कागदी कप घेऊन, फ्रिज आणि बेसिन यांच्यामधल्या वीतभर जागेत. चहा सांडला. दार उघडून आमच्या मुख्य सिस्टर आत आल्या आणि मला बघून दारातच थबकल्या. काय झालं म्हणून त्यांनी विचारलं.

"माझ्या भावाचं लग्न आहे," मी म्हटलं, "आणि पाणी मी भरलंय."